भिजकी वही

तुकोबांच्या अभंगांची पहिली मोठी चिकित्सक आवृत्ती मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. तिचा पहिला भाग १८६९ साली आणि दुसरा १८७३ साली प्रसिद्ध झाला. ती सिद्ध करताना संपादकांनी मुख्यतः चार हस्तलिखित वह्या समोर ठेवल्या होत्या. एक देहूची, एक तळेगावची, एक कडूसची आणि चौथी पंढरपूरची. यांतली पंढरपूरची वही सोडली, तर उरलेल्या तिन्ही आज ज्याला आपण पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा कारखान्यांचा पट्टा म्हणतो, त्या मुलखातल्या किंवा त्याच्या काठावरच्या आहेत. संताजी तेली जगनाड्यांची जी पाचवी वही पुढे गाजली, तीही चाकण-सुदुंबऱ्याच्या परिसरातलीच. आज या रस्त्यांवरून मोटारींचे सांगाडे लादलेल्या लांबलचक मालगाड्या धावतात, आणि मराठी भाषेच्या सर्वांत मोठ्या कवीचा शब्द याच मुलखातल्या माजघरांत कापडात गुंडाळून दोन-दोनशे वर्षे राखला गेला, हे तिथे राहणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते.

श्रद्धा आणि विद्वत्ता यांचे नाते काय, हा प्रश्न सहसा तत्त्वज्ञानाचा म्हणून मांडला जातो. देव आहे की नाही, प्रमाण कोणते, चमत्कार मानावयाचा की नाही, अशा अंगाने त्याची चर्चा होते. या मुलखाचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र असे दिसते की, येथे तो प्रश्न फार साध्या रूपात उभा राहिला. ज्याच्या घरी वही आहे त्याने ती अभ्यासकाच्या हाती द्यावयाची की नाही, आणि अभ्यासकाने ती नेल्यावर परत आणावयाची की नाही, एवढाच तो प्रश्न होता. श्रद्धा आणि विद्वत्ता यांच्यात जे काही घडले आणि बिघडले, ते बहुतेक सारे या देण्याघेण्यात घडले आणि बिघडले.

या नात्याची पहिली गाठ पडली ती मात्र वही बुडवण्यापासून. वाघोलीचे रामेश्वरभट्ट विद्वान म्हणून प्रसिद्ध होते. शूद्राने मराठीत वेदार्थ सांगावा हे त्यांना सोसले नाही. परंपरा सांगते की, त्यांच्या सांगण्यावरून तुकोबांनी आपल्या वह्या इंद्रायणीच्या डोहात सोडल्या, तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य करून ते काठावर बसले आणि तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. तेरा दिवसांच्या निराहाराचा आणि पाण्यात कागद राखल्याचा उल्लेख खुद्द तुकोबांच्या अभंगांतच आहे. म्हणजे काही तरी घडले, यात शंका घेण्याचे कारण नाही. पुढे रामेश्वरभट्ट तुकोबांचे शिष्य झाले, त्यांची स्तुती करणारी रचना त्यांनी केली आणि वारकऱ्यांनी ती प्रेमाने जपली. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला, तेव्हापासून तर आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे हा प्रसंग चित्रपटातल्यासारखाच दिसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. रामेश्वरभट्टांची विद्वत्ता म्हणजे आज आपण ज्याला संशोधन म्हणतो ते नव्हे. ती अधिकाराची विद्वत्ता होती. कोणी बोलावे आणि कोणी ऐकावे, हे ठरविण्याचे सामर्थ्य तिच्यात होते. परंतु वही उघडून वाचण्याचे कुतूहल तिच्यात नव्हते. वही न वाचता बुडविली गेली. वर्गात हा प्रसंग शिकवताना एका मुलाने मला विचारले होते, “सर, वह्या खरंच वर आल्या का?” मी त्याला म्हटले, वर आल्या नसत्या तर आपण आज हा धडा कसा वाचला असता? उत्तर चुकवाचुकवीचे वाटेल, पण त्यात इतिहास आहे. शब्द बुडाले नाहीत ही वस्तुस्थिती आहे. ते विठ्ठलाने राखले, की ऐकणाऱ्यांनी आपल्या मुखात आणि आपापल्या वह्यांत राखले, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाजी मवाळ ही नावे तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत सांगितली जातात, आणि तुकोबांचे अभंग लिहून घेणारे म्हणूनही हीच दोन नावे परंपरेने राखली आहेत. एक तेली आणि एक ब्राह्मण. कीर्तनात उभे राहून टाळ धरणारा हातच घरी येऊन बोरू धरीत होता.

तुकोबांचे प्रयाण १६५० सालचे मानले जाते. त्यानंतर दहाच वर्षांनी शायिस्तेखानाने चाकणला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो किल्ला जवळजवळ दोन महिने लढविला. पुढचे शतकभर हा मुलूख फौजांच्या वाटेवर होता. गावे उठत होती, वसत होती. अशा काळात एखाद्या तेल्याच्या घराने कागदाचे बाड सांभाळावे, यामागे विद्येची हौस नव्हती. ती पूजा होती. ग्रंथालय नाही, मठाचा आश्रय नाही, उत्पन्नाचा गाव नाही, देव्हाऱ्यातली एक जागा तेवढी होती. देव्हाऱ्यात जे ठेवले जाते ते माणूस घर सोडताना आधी उचलतो. या एका सवयीवर मराठी वाङ्मयाचा केवढा भाग तगला आहे, याचा हिशेब आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी नीट मांडलेला नाही.

आता १८६९ सालाकडे येऊ. इंदुप्रकाश गाथेचे संपादक विष्णु परशुरामशास्त्री पंडित हे होत, आणि त्यांच्यासोबत शंकर पांडुरंग पंडित. शंकर पांडुरंग हे संस्कृताचे गाढे पंडित. अथर्ववेदाच्या संपादनाने आणि ‘वेदार्थयत्ना’ने त्यांचे नाव राहिले आहे. कामाला मुंबई सरकारचा आश्रय होता. जनार्दन सखाराम गाडगीळ यांनी त्या आवृत्तीसाठी तुकोबांचे इंग्रजी चरित्र लिहिले. हे सारे नव्या इंग्रजी विद्येतून वर आलेले, सुधारकी वळणाचे लोक. प्रार्थना समाज १८६७ साली निघाला होता, आणि त्याच्या उपासनेत तुकोबांच्या अभंगांना मानाचे स्थान मिळाले होते. मूर्ती नको पण तुकोबा हवेत, अशी त्या मंडळींची भूमिका. वारकऱ्याला ती विचित्रच वाटली असणार. ज्याचे अभंग विटेवरच्या मूर्तीच्या पायांशी लोळतात, त्याला मूर्तीवाचून कसे उभे करावयाचे?

त्यांतही विष्णुशास्त्र्यांची गोष्ट विलक्षण आहे. १८६९ हेच साल त्यांच्या आयुष्यात दुसऱ्या एका कारणासाठी गाजले. ते विधवाविवाहाचे कैवारी. त्या वर्षी मुंबईत त्यांच्या मंडळींनी पुढाकार घेऊन एक पुनर्विवाह घडवून आणला आणि शंकराचार्यांचा बहिष्कार ओढवून घेतला. पुढल्या वर्षी पुण्यात शास्त्रार्थ झाला, त्यात सुधारकांच्या पदरी पराभव आला. ज्या माणसाच्या पंक्तीला बसणे पाप ठरले, त्याच्या नावाने त्याच सुमारास तुकोबांची गाथा छापून बाहेर पडली. शास्त्राचा अधिकार सांगणाऱ्यांनी दूर लोटलेल्या माणसाने, शास्त्राचा अधिकार सांगणाऱ्यांनी बुडवायला लावलेली वही छापली. हा योगायोग कादंबरीत घातला तर टीकाकार म्हणतील, लेखकाने ओढून आणला.

पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी बाजू. देहूच्या घराने, म्हणजे तुकोबांच्या वंशजांनी, वही दिली. तळेगावच्या त्र्यंबक कासारांची वही मिळाली. कडूसच्या मवाळांची मिळाली. ज्यांच्या घरी या वह्यांना रोज गंध-फूल वाहिले जात असे, ते मुंबईच्या मराठी वर्तमानपत्रांच्या वादांत नव्हते. हा ग्रंथ सरकारच्या पैशाने, शिळेवर नव्हे तर खिळ्यांनी, कोणाही जातिधर्माच्या कामगाराच्या हाताखालून छापला जाणार, हे त्यांना कळत नव्हते असे समजणे त्यांचा अपमान होईल. तरी त्यांनी वह्या दिल्या. यात विश्वास होता, आणि माझ्या मते थोडी व्यवहारी जाणही होती. कागद जीर्ण होत चालला होता. तो आता आपल्या देव्हाऱ्यात फार दिवस टिकणार नाही, हे पूजा करणाऱ्यालाच आधी दिसते.

संपादकांनी काय केले? त्यांनी एक पाठ वर छापला आणि इतर वह्यांतले निराळे पाठ पानाच्या तळाशी, कोणत्या वहीतला कोणता याची खूण करून दिले. साडेचार हजारांहून जास्त अभंग या रीतीने छापले गेले. आज आपल्याला हे काही विशेष वाटत नाही. परंतु क्षणभर त्या काळच्या एखाद्या वारकऱ्याच्या जागी बसून पाहा. जो अभंग तो लहानपणापासून एका शब्दाने म्हणत आला, त्याच्याखाली बारीक टाइपात दुसरा शब्द आहे, आणि तिसराही आहे. तुकोबा कोणता शब्द बोलले? आजवर हा प्रश्न नव्हता, कारण त्याच्या फडावर एकच पाठ होता. पलीकडच्या फडावर दुसरा होता, हे त्याला ठाऊक असले तरी ते त्यांचे, हे आमचे, एवढ्यावर भागत होते. छापील पानाने सगळे फड एका पानावर आणून बसविले. श्रद्धेला खरा धक्का चमत्काराच्या शंकेने बसत नाही. तो या बारीक टाइपाने बसतो.

असा धक्का केवळ आपल्याकडेच बसला असे नाही. युरोपात इरॅस्मसने १५१६ साली ग्रीक भाषेतला नवा करार संपादून छापला. तो स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होता. आपल्याला मिळालेल्या ग्रीक पोथ्यांत त्रिमूर्तीचे स्पष्ट प्रतिपादन करणारे योहानाच्या पत्रातले एक प्रसिद्ध वाक्य सापडले नाही, म्हणून त्याने ते गाळले. त्यावर एवढा गहजब झाला की १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते त्याला परत घालावे लागले. देवाच्या ग्रंथातले जे वाक्य पोथीत नाही ते ठेवणे पुण्य, की काढणे पुण्य? त्या वादात दोन्ही बाजूंना श्रद्धावंतच उभे होते.

आपल्याकडे तर हा प्रश्न इरॅस्मसनंतर सत्तर वर्षांच्या आत एका संताने आपल्यापुरता सोडवून ठेवला होता. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली झाली. पुढल्या तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून तिच्यात अशुद्ध पाठ आणि पदरच्या ओव्या शिरल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. या कामाची प्रेरणा कशी मिळाली, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे: ज्ञानदेव स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला आले, समाधीचा शोध घेतला, मुळी दूर केली. आणि मग ग्रंथ शुद्ध केला. स्वप्न आणि पाठशोधन या दोन गोष्टी आपण आज दोन टोकांना ठेवतो. नाथांच्या घरी त्या एका ताटात होत्या. कंठाला लागलेली मुळी आणि ओवीत घुसलेला परका शब्द यांत त्यांनी भेद केला नाही. पुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घातली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला. मूळ ग्रंथात आपले काही मिसळू नये हा आजच्या संशोधकाचा पहिला नियम आहे. मराठीत तो आधी भक्ताने घालून दिला.

अर्थात नाथांनी शुद्ध केलेल्या प्रतीच्या पलीकडे जाण्याची इच्छा पुढच्यांना झालीच. इतिहासाचार्य राजवाड्यांना बीडकडे पाटांगण येथे एक पोथी मिळाली; ती नाथपूर्व आहे असा दावा करून १९०९ साली त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. त्या पोथीच्या वयाबद्दल नंतरच्या विद्वानांनी शंका घेतल्या. त्याआधी भारद्वाज या टोपण नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘सुधारका’त लेख लिहून ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव हे दोन निराळे पुरुष होत, असे प्रतिपादले होते. वारकऱ्यांत खळबळ उडाली. आळंदीची समाधी मग कोणाची? हा वाद पुष्कळ वर्षे चालला. त्याच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. एवढेच सांगतो की, वारकऱ्यांच्या बाजूने जी उत्तरे आली त्यांत शिव्याशापांपेक्षा पुरावे जास्त होते.

आता जगनाड्यांच्या वहीकडे. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांना आपण ‘महाराष्ट्र-सारस्वत’कार म्हणून ओळखतो. त्यांनी जुन्या पोथ्यांच्या शोधात महाराष्ट्र पालथा घातला. संताजींच्या वंशातल्या घराने त्यांना वह्या दाखविल्या, आणि भाव्यांनी १९१९-२० मध्ये त्या दोन भागांत ‘अस्सल गाथा’ म्हणून प्रसिद्ध केल्या. इंदुप्रकाशच्या मानाने त्यांतले अभंग पुष्कळ कमी. पण भाव्यांनी एक फार मोठी गोष्ट केली. त्यांनी लेखन जसेच्या तसे ठेवले. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले नाही, संस्कृत शब्दांना संस्कृताचा पोशाख चढविला नाही. त्यामुळे ते पान वाचताना डोळ्यांना अडखळायला होते आणि कानाला एकदम चाकणच्या बाजारातला सतराव्या शतकातला माणूस ऐकू येतो. शास्त्र्यांच्या हातून गेलेले तुकोबा किती धुऊन-पुसून आपल्यापुढे आले होते, ते तेव्हा कळले. ‘अस्सल’ हा शब्द भाव्यांनी जरा घाईने वापरला, असे मला वाटते. एक वही अस्सल म्हटली की बाकीच्यांना नक्कल म्हणण्याची पाळी येते. परंतु तेल्याच्या अशुद्ध लेखनाला विद्वानाने प्रमाण मानावे, शुद्ध करू नये, हा न्याय तुकोबांना नक्की आवडला असता.

येथवर वही देणारे एक आणि वाचणारे दुसरे, अशी विभागणी होती. विष्णुबुवा जोगांनी ती मोडली. हे पैलवानी शरीराचे, आखाड्यात वाढलेले ब्राह्मण गृहस्थ वारकरी झाले, त्यांनी तुकोबांची सार्थ गाथा सिद्ध केली आणि १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. फडावर कीर्तन करणाऱ्याने ग्रंथ नीट शिकलेला असावा, पाठ आणि अर्थ दोन्ही त्याला आले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. जोग १९२० साली गेले. त्यांच्या शिष्यांत सोनोपंत दांडेकर होते. सोनोपंत पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य. सकाळी वर्गात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवावे आणि एकादशीला आळंदीच्या वाळवंटात कीर्तनाला उभे राहावे, असा त्यांचा क्रम. १९५३ साली त्यांनी संपादलेली सार्थ ज्ञानेश्वरी आली आणि ती घरोघर गेली. त्यांच्यात दोन माणसे नांदत होती असे कोणी म्हणतात. मला ते पटत नाही. जे आपण रोज म्हणतो त्याचा अर्थ लावावयाचा, आणि ज्याचा अर्थ लावला तेच म्हणावयाचे, एवढे साधे ते होते. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे: सोनोपंतांनी परंपरेला अवघड जाईल असा प्रश्न क्वचितच विचारला. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याला काही प्रश्न सुचतात आणि काही सुचत नाहीत. तेवढ्यासाठी बाहेरचा माणूस लागतो.

बाहेरच्या माणसाची दुसरी बाजूही सांगावयास हवी, नाही तर हे सारे फार गोड होईल. देहूच्या देवळात तुकोबांच्या हातची म्हणून एक वही आहे. लोक तिला भिजकी वही म्हणतात. डोहातून वर आलेली ती हीच, अशी श्रद्धा आहे. दिलीप चित्रे यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी अनुवादाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे की, त्या वहीत आता सुमारे अडीचशे अभंग आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी तीत सुमारे सातशे असल्याची नोंद होती. बाकीची पाने कोठे गेली? चित्र्यांचा तर्क असा की, विश्वस्तांनी भोळेपणाने ज्यांना ती पाहावयास दिली, त्या संशोधकांपैकी कोणी ती लांबविली असावीत. तर्क खरा असेल तर ते पाप इंद्रायणीत वही बुडविण्यापेक्षा हलके नाही. रामेश्वरभट्टांनी निदान उघड विरोध केला होता. नमस्कार करून आत यावयाचे, अभ्यासासाठी म्हणून मागावयाचे, आणि पाने फाडून न्यावयाची! यानंतर एखाद्या घराने बासन सोडण्यास नकार दिला, तर त्याला आपण अडाणी म्हणावे काय?

वहीवरून संशोधन खुद्द देवाकडे वळले, तेव्हा प्रश्न आणखी नाजूक झाला. आणि तेही देहूच्या शिवेवरच घडले. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्या प्रसंगी बाबासाहेबांनी सांगितले की, पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे आणि त्यावर आपण प्रबंध लिहिणार आहोत. हे बोलणारा माणूस तुकोबांचा परका नव्हता. १९२० साली निघालेल्या त्यांच्या ‘मूकनायका’च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, १९२७ च्या ‘बहिष्कृत भारता’वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या, १९४८ चा ‘द अनटचेबल्स’ त्यांनी ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा होते. छापील गाथा नसती, ती फडाच्या वहीतच राहिली असती, तर ज्यांना देवळाची पायरी बंद होती त्यांच्या पत्राच्या माथ्यावर ती इतक्या सहज आली असती काय? देहूरोडचे ते विधान विद्वानाचे होते आणि त्याच क्षणी ते श्रद्धेचेही होते. समोर बसलेले लोक सिद्धान्त ऐकावयास नव्हे, देव मिळवावयास आले होते. तो प्रबंध पुरा झाला नाही. दोन वर्षांनी बाबासाहेब गेले.

विठ्ठलाच्या मुळाचा शोध पुढे रा. चिं. ढेरे यांनी घेतला. तेही याच बाजूचे. आंदर मावळातल्या निगड्यात १९३० साली जन्मलेले. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा त्यांचा ग्रंथ १९८४ साली आला. गवळी-धनगरांच्या देवापासून वैष्णवांच्या परब्रह्मापर्यंत विठ्ठल कसा चढत आला, बुद्ध आणि जैन यांच्याशी त्याचे नाते कोठे जोडले गेले, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. ढेरे स्वतः श्रद्धाळू. देव मुळात गुराख्याचा निघाला म्हणून त्यांची भक्ती उणी झाली नाही, आणि भक्ती आहे म्हणून त्यांनी पुरावा लपविला नाही. पंढरीची वारीही थांबली नाही. ज्यांना भीती वाटत होती की मूळ शोधले तर झाड वाळेल, त्यांनी हा ग्रंथ एकदा वाचावा. जड आहे, पण वाचावा.

सगळेच मात्र असे निभावले नाही. आनंद यादवांची ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी आली, तिच्यातल्या तरुण तुकोबांच्या चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी क्षमा मागितली, कादंबरी मागे घेण्यात आली, आणि २००९ च्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले. संमेलन अध्यक्षावाचून झाले. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून या प्रकरणाकडे तटस्थपणे पाहणे मला कठीण जाते. कादंबरीकाराने संतचरित्रातल्या रिकाम्या जागा कशाने भरावयाच्या, हा प्रश्न खराच आहे. यादवांनी काही जागा पुराव्यावाचून भरल्या, असे म्हणणाऱ्यांना उत्तर द्यावयास हवे होते. पण ते उत्तर लेखणीने द्यावयाचे होते. पुस्तक दुकानातून उठले की वाद तिथेच संपतो, कोणीच काही शिकत नाही. भारद्वाजांना उत्तर देणाऱ्या वारकऱ्यांनी ‘सुधारक’ बंद पाडा म्हटले नव्हते. शंभर वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो, हे वाचकांनीच पाहावे.

त्याच देहूत सदानंद मोरे वाढले. तुकोबांच्या वंशातले, आणि पुणे विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांचे ‘तुकाराम दर्शन’ १९९६ साली आले. तुकोबांचे अभंग गेल्या साडेतीनशे वर्षांत कोणी कोणी कसे वाचले, वारकऱ्यांनी, प्रार्थना समाजाने, मिशनऱ्यांनी, ब्राह्मणेतरांनी, याचा तो इतिहास आहे. म्हणजे ज्या घराने वही दिली, त्याच घरातला एक जण ती नेणाऱ्यांचा हिशेब मांडावयास बसला! कोणी काय नेले, कोणी काय परत आणले, हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

अशा वह्या अजून आहेत. देहू-आळंदीच्या प्रसिद्ध घरांपुरती ही गोष्ट नाही. खेड तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर, जिथली तरुण मुले आता तीन पाळ्यांत चाकणला कामाला जातात, तिथे माळ्यावर किंवा देव्हाऱ्याच्या मागे बासने पडलेली असतात. जमीन विकली जाते, जुने घर पाडून सिमेंटचे उठते, आणि त्या गडबडीत बासन कधी नदीत सोडले जाते, तेही भक्तिभावाने, जीर्ण ग्रंथ पाण्यात सोडावा म्हणून. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी असे बासन असल्याचे कळले, तेव्हा मी दोघा जाणत्या मित्रांना घेऊन गेलो. आता वही न्यावी लागत नाही. पान उघडून त्याचे छायाचित्र घेता येते. मुलाची आजी दारातच बसली होती. आम्ही कशाला आलो ते तिने शांतपणे ऐकून घेतले.

“मागं एक जण घेऊन गेला, गुरुजी,” ती म्हणाली. “एक दिलेली दुसरी. आठ दिवसांत आणतो म्हणाला. आमचे हे गेले, तरी आली नाही.”

मग जरा थांबून म्हणाली, “हात धुऊन या. इथंच बसून वाचा. उंबऱ्याबाहेर जायची नाही.”

आम्ही हात धुतले. तिने लाल बासन आपल्या हातांनी सोडले. पहिली काही पाने उंदरांनी खाल्ली होती. त्यापुढे अक्षर लागत होते.